पश्चात्तापाला किती गुण

मला तेलुगू येतं हे मी कधी कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी ते शिकलेही नव्हते. वडील गिरणीच्या हापिसात कारकून होते आणि आमचं घर साखर पेठेच्या अगदी कडेला. भिंतीला भिंत लागून विणकरांची घरं. लहानपणी ज्या मुलींबरोबर मी सागरगोटे खेळले त्या सगळ्या तेलुगूत भांडायच्या, त्यामुळे सात वर्षांची होईतो मलाही भांडण्यापुरतं तेलुगू चांगलंच यायला लागलं. पुढे मी ट्रेनिंग कॉलेजला पुण्यात राहिले, परत आले आणि म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. सोलापुरातला मार्शल लॉ उठून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. आमच्या हेडबाईंच्या ओळखीने मी रविवारी सकाळी तुरुंगातल्या बायकांना अक्षरं शिकवायला जाऊ लागले. वडिलांना ते फारसं पसंत नव्हतं, पण आईने त्यांना सांगितलं, "शाळेतल्या पोरींपेक्षा त्या बायका जास्त ऐकतात म्हणते, जाऊ दे तिला."

बायकांची बरॅक लहान होती. सात-आठ जणी, एक कडुनिंब, एक हौद आणि एक मेट्रन. मेट्रन मुसलमान बाई होती, पन्नाशीची, मूळची वेळापूरकडची. तिचं मराठी दखनीत बुडवून काढलेलं असायचं. पहिल्याच दिवशी तिने माझ्यासाठी घरून रोट आणला होता.

एका रविवारी मी धडा संपवून निघाले तेव्हा तुरुंगाच्या डॉक्टरांनी मला फाटकाशी गाठलं. गृहस्थ कोकणातले, गोल अंगाचे. सोलापूरचं ऊन त्यांना कधी मानवलं नाही. डोक्यावर ओला रुमाल ठेवून त्यावर हॅट घालायचे.

"बाई, मेट्रन म्हणते तुम्हाला तेलुगू येतं."

"बोलण्यापुरतं येतं."

"मला बोलण्यापुरतंच हवंय. दहा मिनिटं बसता?"

मी बसले आणि दीड तास उठले नाही. डॉक्टर टपालाने विलायतेहून पुस्तकं मागवायचे आणि ती वाचून झाली की सांगायला माणूस शोधायचे. तो माणूस त्या दिवशी मी झाले. त्यांचं म्हणणं असं: काही माणसं वेडी नसतात, उलट चांगली हुशार असतात. बोलायला गोड, हिशेबाला पक्की. पण दुसऱ्याला दुखलं तर त्यांना आत काहीच होत नाही. चूक केली तर लाज वाटत नाही, पकडली गेली तर भीती वाटत नाही. इंग्रजीत त्याला 'सायकोपॅथिक' असा एक शब्द निघाला होता.

"मराठीत काय म्हणायचं?" मी विचारलं.

"तेच तर. उलट्या काळजाचा म्हणावं, तर ती शिवी झाली. मला शिवी नकोय, निदान हवंय. म्हणजे असं बघा, घर सगळं बांधून झालंय, रंगही दिलाय, पण आत विहीर खणायची राहून गेलीय."

"आणि विहीर आहे की नाही, हे बाहेरून कसं कळणार?"

ते एवढे खूष झाले की त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी स्वतः तयार केलेले बारा प्रश्न होते. केलेल्या कृत्याचं वाईट वाटतं का. खोटं बोलताना अवघडतं का. घरच्यांची आठवण येते का. रडू येतं का. शिक्षेची भीती वाटली का. असे. प्रत्येक प्रश्नाला शून्य, एक किंवा दोन गुण. भावना पुरेपूर दिसली तर शून्य, मुळीच नाही दिसली तर दोन. म्हणजे जितके गुण जास्त तितकी विहीर कोरडी. एकूण चोवीस.

हे नुसतं हौसेसाठी नव्हतं. दरवर्षी काही कैद्यांना शिक्षेत सूट मिळायची आणि सुपरिंटेंडेंट साहेब डॉक्टरांचं मत मागायचे: हा माणूस बाहेर सोडण्यासारखा आहे का? बायकांच्या बरॅकीतून त्या वर्षी दोन नावं होती. सूट एकीलाच मिळणार होती.

त्यातली एक म्हणजे मावशी. बरॅकीत सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या आणि मीही म्हणत असे. चाळिशीची, गोरटेली, हसरी. लांबची नातेवाईक म्हणून घरोघर जायची, दोन दिवस राहायची, पापड लाटायची, मुलांना गोष्टी सांगायची आणि तिसऱ्या दिवशी घरातली पैठणी किंवा चांदीचं तबक घेऊन दिसेनाशी व्हायची. अशी तिची हकीकत होती. पण माझ्या वर्गात तिच्यासारखी विद्यार्थिनी नव्हती. तीन रविवारांत बाराखडी. मी आत पाऊल टाकलं की म्हणायची, "बाई, तुमी आलासा की जीव थंड होतो बघा." माझाही होत असे.

दुसरी, अक्का. तेलुगूत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि मराठीतही म्हणतात, त्यामुळे ते नाव सगळ्यांना सोयीचं होतं. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिने तिथल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, तोंडावर लाकडी धोटा मारला होता. त्याचे पुढचे दात गेले आणि जबडा महिनाभर बांधून ठेवावा लागला. का मारलं, हे तिने कोर्टात सांगितलं नव्हतं. माझ्या वर्गात ती पाठ फिरवून बसायची. एकदा मी पाटी पुढे केली तर म्हणाली, "वद्दु." नको. एवढाच आमचा संवाद.

पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली टेबल मांडलं. डॉक्टर विचारायचे, मी समजावून सांगायचे, ते लिहायचे. मेट्रन हौदाजवळ पान लावत बसली होती.

मावशीला पहिलाच प्रश्न विचारला आणि तिचे डोळे भरले.

"लई वंगाळ झालं माज्या हातनं, डाक्टरसाहेब. त्या माऊलीनं मला ताटावर बसवलं, आन म्या तिचीच पैठणी उचलली. ती आटवली की घास गिळवत न्हाय. राती डोळा लागत न्हाय."

"खोटं बोलताना काही वाटायचं?"

"छातीत धडधडायचं की. पन प्वाट कुनाला सुटलंय?"

प्रत्येक उत्तराला तिने नेमका तेवढाच वेळ घेतला, नेमक्या जागी पदर डोळ्याला लावला. डॉक्टरांनाही गहिवरून आलं, रुमाल डोक्यावरचा काढून त्यांनी नाक पुसलं. चोवीसपैकी एक गुण, तोही शिक्षेची भीती कमी वाटली म्हणून.

मग अक्का आली. उभीच राहिली. पहिल्या प्रश्नाशीच माझं तेलुगू अडलं. पश्चात्ताप हा शब्द सागरगोटे खेळताना लागत नाही. शेवटी मी 'बाध' शब्द वापरला. तेलुगूत मनाला वाईट वाटतं त्यालाही बाध म्हणतात आणि अंग दुखतं त्यालाही.

"मारल्याची बाध आहे का?" मी विचारलं.

अक्काने थोडा विचार केला. "होती. हाताला. दोन दिवस. आता नाही."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं, दोन.

"शिक्षेची भीती वाटली का?"

"नाही."

"घरच्यांची आठवण येते?"

"ते जेवत असतील."

"रडू येतं?"

"कशाला?"

"तो माणूस पुन्हा समोर आला तर काय करशील?"

या प्रश्नाला तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पंतुलम्मा," ती म्हणाली. शिक्षिकेला तेलुगूत पंतुलम्मा म्हणतात. "तो आता काय करतो, त्यावर आहे."

अक्काचे गुण झाले एकोणीस. डॉक्टरांनी बेरीज दोनदा केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पुस्तकात वर्णन केलेलं उदाहरण इथे आपल्या कडुनिंबाखाली सापडलं." त्यांना आनंदही झाला होता आणि त्या आनंदाचं थोडं ओशाळेपणही आलं होतं. मी घरी निघाले. मावशीला सूट मिळणार म्हणून मला बरं वाटत होतं, आणि अक्काचं ते 'हाताला, दोन दिवस' आठवून टांग्यात एकटीच हसत होते. माणसाच्या आत काही नसेल तर त्याचं बोलणं इतकं खरं कसं वाटतं, हे मला समजेना. पण पुस्तकं डॉक्टरांनी वाचलेली होती, मी नाही.

त्या आठवड्यात डॉक्टरांच्या घरी चहाला बोलावणं आलं. मला आणि मेट्रनला दोघींनाही. डॉक्टरांच्या बायकोला मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या उंच, सडपातळ आणि बोलायला तरतरीत होत्या. टेबलावर चकल्या, शेंगांची चटणी लावलेली कडक भाकरी आणि तो बारा प्रश्नांचा कागद. कागदाची एक प्रत बाईंनी स्वतः लिहून काढली होती आणि ती भरलेलीही होती.

"कुणाची भरली?" मी विचारलं.

"यांची." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "ऐका. दुसऱ्याच्या दुखण्याची पर्वा आहे का. परवा माझं कपाळ ठणकत होतं आणि हे उशाशी बसून मला मेंदूचं चित्र दाखवत होते. दोन गुण. खोटं बोलताना अवघडतात का. पुस्तकांचं पार्सल आलं की पोस्टमनला मागल्या दारी पाठवतात आणि मला सांगतात, औषधं आली. चेहऱ्यावर रेषा हलत नाही. दोन. घरच्यांची आठवण. माझ्या माहेरी मला सोडायला आले, आणि मला स्टेशनवर विसरून पुस्तक वाचत पुढच्या गावी गेले. दोन."

"अगं, ते एकदाच."

"पश्चात्ताप, दोन. बघा, अजून म्हणतायत एकदाच. एकूण सतरा. मी यांच्याबरोबर एकाच घरात राहते, मला भीती नाही का वाटायची?"

मेट्रन पदरात तोंड घालून हसत होती. डॉक्टरही हसले, पण त्यांचे डोळे कागदावर होते. म्हणाले, "म्हणजे कुणाला विचारलं यावर गुण बदलतात."

"बदलणारच. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही स्वतःला शून्य दिलं असतं."

मग बोलणं मावशीवर आलं. मेट्रन म्हणाली, "औरत अच्छी है, साहेब. आमच्या वेळापूरचीच हाय ना. तिचा बाप देवळापाशी हार विकायचा, साप चावून मेला बेचारा. म्हणून मला तिची लई माया."

मी चकलीचा तुकडा खाली ठेवला. "वेळापूरची कशी? ती करमाळ्याची. वडील शाळामास्तर होते, प्लेगात गेले. म्हणून तर तिला अक्षरांची इतकी ओढ आहे. तिने मला स्वतः सांगितलंय."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "होटगी," ते म्हणाले. "मला तिने होटगी सांगितलं. वडील रेल्वेत सांधेवाले. पाय चिरडला आणि डॉक्टर वेळेवर आला नाही म्हणून गेले. त्या दिवसापासून डॉक्टर दिसला की तिचे हात आपोआप जोडले जातात, असं म्हणाली."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. डॉक्टरांच्या बायकोने शांतपणे चहा ओतला. "मी दिवाळीत बरॅकीत फराळ घेऊन गेले होते, तेव्हा मला म्हणाली, तुम्ही हुबेहूब माझ्या मोठ्या बहिणीसारख्या दिसता. मी घरी येऊन तासभर आरशात बघत होते."

पहिल्यांदा हसली ती मेट्रन. मग मी. मग आम्ही सगळेच इतके हसलो की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. मला लाजही वाटत होती, कारण तिला बक्षीस म्हणून मी माझी स्वतःची नक्षीची पाटी देऊन टाकली होती आणि शाळेत तिचं कौतुक सांगत सुटले होते. पण एका माणसाला तीन बाप आणि तिघांची तीन मरणं, आणि प्रत्येक बाप ऐकणाऱ्याच्या मापाने बेतलेला, हे कळल्यावर राग येण्याआधी हसूच येतं.

"आणि झोप?" डॉक्टरांनी मेट्रनला विचारलं. "रात्री डोळा लागत नाही म्हणाली होती."

"कौन? उने?" मेट्रन म्हणाली. "सबसे पैले सोती, साहेब. घोरती भी है. बाकीच्या बायका तक्रार करतात."

"हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस? तिथेच तर बसली होतीस."

"मला कुठं पुसलं तुम्ही?"

डॉक्टर उठले, लिहायच्या टेबलाशी गेले आणि कागदावर बराच वेळ खाडाखोड करत बसले. परत आले तेव्हा ते कोकणातल्या माणसासारखे दिसत होते, म्हणजे ऊन विसरलेले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी फक्त ज्याला मोजायचं त्यालाच विचारलं. गोड बोलता येणं हा तर त्या माणसाचा धंदाच. उलट तेच एक लक्षण म्हणून लिहायला हवं होतं." आणि त्यांनी तेरावा प्रश्न वाचून दाखवला: भेटणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस पहिल्याच भेटीत आपलासा वाटतो का?

त्यांनी नवा नियम केला. प्रत्येक प्रश्न तीन ठिकाणी विचारायचा. माणसाला, त्याच्याबरोबर राहिलेल्यांना, आणि जुन्या कागदपत्रांना. वेळापूर, करमाळा आणि होटगी, तिन्ही गावच्या पाटलांना त्यांनी पत्रं धाडली. अक्का साखर पेठेतली, तेव्हा पेठेत जाऊन तिची चौकशी करायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

पेठ म्हणजे माझं अंगणच. दुपारी शाळा सुटली की मी एकेका घरी जाऊन बसू लागले. मागांची खटखट चालू असायची आणि बायका कांड्या भरता भरता बोलायच्या. मी नुसतं अक्काचं नाव काढायचा अवकाश, बोलणं सुरू व्हायचं. अक्काची सासू तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती. अक्का तिचं सगळं करायची आणि करता करता तिला ओरडायची. सासूही ओरडायची. ती गेली त्या दिवशी अक्का रडली नाही, पण पुढे महिनाभर रोज सासूच्या वेळेला पेज शिजवून ठेवायची आणि मग आठवण झाली की शेजारच्या म्हातारीला नेऊन द्यायची. एका बाईने सांगितलं, "तिने आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही. चुकलं की येऊन आपली भांडी घासून जाते. आपण समजून घ्यायचं."

"आणि जॉबरला का मारलं?"

इथे सगळ्या गप्प व्हायच्या. मागाकडे बघायच्या, सूत तपासायच्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी एका घरी डोहाळजेवण होतं. मला आग्रहाने बोलावलं. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, हिरव्या साडीत, फुलांनी मढवलेली. गाणी झाली, ओटी भरून झाली. मी निघाले तर तिने माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं.

"पंतुलम्मा, तुम्ही अक्काबद्दल विचारताय."

"हो."

"माझ्यामुळे मारलं तिने."

ती कामाला लागून तेव्हा पंधराच दिवस झाले होते. जॉबर तिला सुताच्या गोदामात बोलवायचा. दोनदा तिने टाळलं. तिसऱ्यांदा त्याने तिचं मनगट धरून ओढलं. अक्का पलीकडे होती. ती आली, काही बोलली नाही, हातातला धोटा फिरवला. मग हिला म्हणाली, घरी जा आणि कुणाला काही सांगू नकोस. हिचं लग्न ठरलेलं होतं. का मारलं ते कोर्टात सांगितलं असतं तर हिचं नाव आलं असतं.

"म्हणून ती गप्प राहिली," मुलगी म्हणाली. "मी तुरुंगात भेटायला गेले तर मला हाकलून दिलं. म्हणाली, इथे येऊन उन्हात उभी राहू नकोस."

"मी हे डॉक्टरांना सांगितलं तर चालेल? नाव न घेता सांगेन."

"नाव घेऊन सांगा. मी नवऱ्याला लग्नानंतर आठ दिवसांत सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईला आपल्या बाळाच्या बारशाला आणायचं. कसं आणायचं ते दोघांनाही कळत नव्हतं."

मी त्या घरातून निघाले आणि टांगा न करता तुरुंगापर्यंत जवळजवळ धावत गेले. साडी नेसलेली शिक्षिका भर दुपारी धावताना पाहून बाजारातली माणसं वाट सोडत होती. माझं सगळं सांगून झालं तेव्हा डॉक्टर खिडकीशी उभे होते.

"एकोणीस गुण दिले होते मी तिला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमक्ष अक्काला विचारलं, गिरणीतल्या मुलीबद्दल आम्हाला कळलंय, हे खरं का? अक्काने माझ्याकडे रागाने पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"तिनेच. तिच्या नवऱ्यालाही माहीत आहे. ती आता बाळंत व्हायची आहे."

अक्का खाली बसली. ती डॉक्टरांपुढे बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. "कितवा महिना?"

"सातवा."

"नीट जेवते का?"

डॉक्टरांनी मला विचारलं, ती काय म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी पेन उचललं, कागदाकडे पाहिलं आणि काहीच न लिहिता तो बाजूला ठेवला. मग वेगळ्या कागदावर सुपरिंटेंडेंट साहेबांना त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं होतं, की या बाईने पश्चात्ताप व्यक्त केलेला नाही आणि माझ्या मते तसं करण्याचं तिला कारणही नाही. मुलीने आणि तिच्या नवऱ्याने हकीकत लिहून दिली. सूट अक्काला मिळाली.

गावच्या पाटलांची उत्तरंही आली. वेळापूर आणि होटगीत मावशीला कुणी ओळखत नव्हतं. करमाळ्याच्या बाजारपेठेतली चार घरं मात्र ओळखत होती. चारही घरांचं म्हणणं, ती आमची चुलत मावशी.

डॉक्टरांनी ती पत्रं तिला वाचून दाखवली. मला वाटलं, आता तरी ती शरमेल. तिने मान कलती करून सगळं ऐकलं आणि हसली. खोटं हसू नव्हतं ते, मजा वाटल्याचं होतं.

"खरा बाप कोण ते सांगशील?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमाला कुटला आवडला?" ती म्हणाली. "तिगांला तीन बाप दिलं. कुनाला काय कमी पडलं व्हय?" आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुमचा मास्तर मी लई जीव लावून केला हुता बघा."

माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, त्याच क्षणी ती मला पुन्हा आवडली. तिच्यात काय होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, निदान करता येतं, पण त्यावर औषध काय ते कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. तिने शिक्षा पुरी केली. तोवर ती माझ्या वर्गात येत राहिली, जोडाक्षरं शिकली, आणि मी तिला शिकवत राहिले, फक्त तिच्या गोष्टींवर विश्वास ठेवणं बंद केलं. गोष्टी मात्र आवडीने ऐकायचे.

अक्का सुटली ती एका सोमवारी सकाळी. फाटकाबाहेर पेठेतली वीस-पंचवीस माणसं उभी होती, तिचा नवरा नवं धोतर नेसून. ती बाहेर आली आणि तिने पहिलं वाक्य नवऱ्याला ऐकवलं, "माग बंद ठेवून आलात सगळे?" मग ती इतक्या झपाझप चालू लागली की मिरवणूक मागे राहिली.

दीड महिन्याने बारसं झालं. मुलगी झाली होती. डॉक्टर आणि त्यांची बायको दोघंही आले. डॉक्टर पहिल्यांदाच पेठेत आले होते. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी विणून बघितलं, सुताचे चार धागे तोडले आणि विणकराने ते न बोलता पुन्हा जोडले. बायकोने त्यांना म्हटलं, "हे इथे ठीक दिसतात, यांना इथेच ठेवून घ्या," आणि मी त्याचं तेलुगू केलं तेव्हा सबंध घर हसलं.

पाळण्यात नाव ठेवून झाल्यावर अक्का बाळाला घेऊन बाहेर आली. डॉक्टरांना काहीतरी बोलायचं होतं, ते मला म्हणाले, "तिला सांगा, मी तिला चुकीचे गुण दिले होते. मला त्याचं वाईट वाटतं."

मी सांगितलं. शब्द पुन्हा तोच वापरला, बाध. दुसरा मला येतच नव्हता.

अक्काने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठे दुखतंय त्यांना?" तिने मला विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता तिने बाळ डॉक्टरांच्या हातात दिलं, त्यांचा डावा कोपर धरून नीट वळवला, मान टेकायला जागा करून दिली आणि पानं वाढायला आत निघून गेली. डॉक्टर तसेच ताठ उभे राहिले, श्वाससुद्धा जपून घेत, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.